कविता फारशी कळत नसेल, तर तालुक्याच्या गावातल्या कवी संमेलनाला जावं का?

तुम्ही लिहिलंय की मित्र मागे लागलाय, दोन दिवस मोडणार आहेत, आणि कवितेतलं तुम्हाला काही कळत नाही, मग जाण्यात अर्थ आहे का? माझं उत्तर हो असं आहे, आणि ते माझ्या एका मित्रामुळे आहे.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मी बाळूला घेऊन अंबाजोगाईच्या कवी संमेलनाला गेलो. बाळू माझा शाळेपासूनचा दोस्त. शेतकऱ्याचा मुलगा, आता खता-बियाण्याचं दुकान चालवतो. दहावीच्या पुस्तकानंतर त्याने कविता वाचलेली नाही. मी मात्र कॉलेजपासून कवितासंग्रह विकत घेऊन वाचतो. "मला काय कळणार हाय त्यात? पण चल, गाडी मी चालवतो," असं म्हणून तो आला.

बीड, मांजरसुंबा, केज असा रस्ता. दिवाळी होऊन गेली होती, त्यामुळे समोरून ऊसतोडीला निघालेल्यांचे ट्रॅक्टर येत होते. भांडी, शेळ्या, लेकरं, वर खोपीचं सामान, सगळा संसार ट्रॉलीत. तिकडे नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर मिळते. हे रस्त्यात बघून जाणं आणि रात्री त्याच माणसांच्या गावची कविता ऐकणं, हे शहरातल्या सभागृहात होत नाही.

गावाबद्दल थोडं. निजामाच्या काळात याला मोमिनाबाद म्हणत. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी इथे गावाबाहेर बालाघाटच्या डोंगरात आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' शके 1110 चा, म्हणजे इ.स. 1188 चा मानतात, ज्ञानेश्वरीच्या सुमारे शंभर वर्षं आधीचा. संतकवी दासोपंतही इथेच राहिले. गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' लिहिणारे. कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी चाळीसेक फूट लांबीच्या पासोडीवर 'पंचीकरण' लिहून काढलं. पासोडी म्हणजे जाड पांघरुणाचं कापड. बाळूला हे फार आवडलं. "माझी आजी पासोडीच पांघरायची," एवढंच म्हणाला आणि बराच वेळ गप्प होता.

संमेलन एका मंगल कार्यालयात होतं. उद्घाटनाची वेळ साडेसहाची, सुरू झालं आठला. मग पाहुण्यांची भाषणं, शाल-श्रीफळ, पुन्हा भाषणं. ह्याचा मला मनापासून राग येतो. कवी लांबून एसटीने येतात आणि त्यांना "वेळेअभावी एकच रचना" असं सांगितलं जातं. तुम्हीही जाल तेव्हा हे होईल, पण उठून जाऊ नका. साडेदहानंतर पुढच्या सोफ्यावरचे लोक निघून गेले आणि मागच्या खुर्च्यांवरचे पुढे सरकले. खरी मैफल तिथून सुरू झाली.

अकराच्या सुमारास धारूरकडच्या एक बाई उभ्या राहिल्या. हातात वहीचं पान, आवाज अगदी साधा. कविता अशी होती: नवरा गेल्यावर पहिली पेरणी. दीर म्हणतो, बाईनं चाड्यावर, म्हणजे पेरताना बी सोडायच्या भांड्यावर, मूठ धरू नये. ती धरते. दिवसभर तिफणीमागे, त्या तीन फणांच्या पेरणीच्या अवजारामागे, चालते. संध्याकाळी तिची मूठ उघडत नाही, सासू कोमट पाण्यात धरून एकेक बोट सोडवते. आणि शेवटी एवढंच, की आठव्या दिवशी गावात कुणीच काही बोललं नाही.

कविता संपली. मला वाटलं, शेवट जरा ढिला पडला. तेवढ्यात सगळ्या हॉलमधून "पुन्हा! पुन्हा!" असा आवाज उठला. शेजारी बाळू डोळे पुसत होता.

बाहेर चहाच्या गाड्यावर मी त्याला विचारलं, शेवटात एवढं काय होतं? त्याने गाड्यावरचे मूठभर शेंगदाणे घेतले. "हे चाडं," म्हणत चहाचा रिकामा ग्लास माझ्या हातात दिला. "खाली तीन नळ्या, त्या तीन फणांत उतरतात. बी असं सोडायचं." मूठ पालथी, अंगठा बोटांवर हळूहळू सरकतोय, आणि दाणे एकाच चालीत ग्लासात पडतायत. "बैल चालतायत, ढेकळं लागतायत, तरी हात हलू द्यायचा नाही. दिवसभर. मूठ आखडतेच, ते काय उगं लिवलेलं नाही. आणि हात चुकला तर त्या दिवशी कळत नसतंय. आठव्या दिवशी उगवल्यावर कळतंय. कुठं दाट, कुठं नांग्या, नुसती मोकळी जागा. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस वावराकडं बघून बोलतो, कुणाची मूठ होती रं ही? माझ्या बापालाबी बोललेत लोक."

मग थांबून म्हणाला, "तिला कुणीच काही बोललं नाही."

मी कवितेची इतकी पुस्तकं वाचलेली, आणि ती ओळ मला त्या चहाच्या गाड्यावर कळली. म्हणून "कविता कळत नाही" हे तुमचं वाक्य मला पटत नाही. तुम्ही कुठल्या घरात वाढलात, काय काम करता, यावर कुठली कविता तुम्हाला आधी कळेल ते ठरतं. ती कुठली, हे तिथे बसल्याशिवाय समजणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कविकट्टा होता. नाव नोंदवलेला कुणीही तिथे कविता म्हणू शकतो. ते चुकवू नका. वीस कवितांत पंधरा सुमार निघतील, पण उरलेल्या पाच कुठे छापलेल्या सापडत नाहीत. त्या बाई तिथे भेटल्या. संग्रह निघालेला नव्हता. बाळूने मोबाईल पुढे करून विचारलं, "ताई, ती पेरणीची पुन्हा म्हणता का? आईला ऐकवायचीय." त्यांनी भिंतीला टेकून, उभ्या उभ्या पूर्ण म्हटली.

तर मित्राला हो सांगून टाका. मुक्कामाची सोय आधी विचारून ठेवा, लॉज थोडेच असतात. आणि नोव्हेंबर-डिसेंबर असेल तर शाल न्या, बालाघाटात रात्री चांगलंच गार पडतं.