पावणेचार वर्षांचा मुलगा धडधडीत खोटं बोलतो. आत्ताच धाक लावावा का?

नाही. अजिबात नाही.

तुम्ही लिहिलंय की दुधाचा ग्लास त्याने फोडला, वर "दादाने फोडला" म्हणाला, आणि दादा तर तेव्हा शाळेत होता. उत्तर यातच आहे. दादा घरात नाही हे आईलाही माहीत आहे, एवढा हिशोब त्याला अजून जमत नाही. असा मुलगा लबाड कसा? आईच्या डोक्यात वेगळं काही असू शकतं आणि आपल्या बोलण्याने ते बदलू शकतं, हे त्याला नुकतंच उमगायला लागलंय. ही वाढ आहे.

माझी मुलगी तीन वर्षं आठ महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. कराडला मोठ्या घरी गौरी होत्या. नैवेद्य दाखवायच्या आधीच फराळाच्या ताटातली एक करंजी गेली. हिच्या फ्रॉकवर सारण सांडलेलं, ओठाला खसखस चिकटलेली. विचारलं तर म्हणाली, "गौराईने खाल्ली." बायका हसल्या. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी मात्र तिला दंडाला धरून गौरींपुढे उभं केलं. "देवासमोर खोटं बोलतेस? जीभ झडेल." मग दिवसभर हळदीकुंकवाला येईल तिला "ही आमची खोटारडी" अशी ओळख करून दिली. मी पोळ्या लाटत होते. सगळं ऐकलं आणि लाटत राहिले.

रात्री जाग आली तर ही अंथरुणात नाही. कपाटाच्या आरशासमोर उभी होती. जीभ बाहेर काढून बोटाने चाचपत होती, आहे की गेली ते.

पुढे दोन-तीन महिने प्रत्येक प्रश्नाला तिचं एकच उत्तर. चप्पल कुठे ठेवलीस? माहीत नाही. भूक लागली का? माहीत नाही.

हीच मुलगी आधी आरशातल्या बाळाला हात लावायची. दीड वर्षाची झाली तेव्हा आरशात गालावरची तीट बघून स्वतःचा गाल पुसायला लागली. 'ती मीच' हे कळायची ती खूण. आणि वयाची साडेतीन वर्षं उलटल्यावर तिला कळलं की ती खोटारडी आहे. मुलाला 'मी कोण' हे आपण असं सांगत असतो.

त्या प्रसंगानंतर मी बालवाडीचं शिक्षण घेतलं, आता सोळा वर्षं शिकवते. तुम्हीही घरी करून बघा: बिस्किटांच्या डब्यात दोऱ्याची रिळं ठेवा. आत काय असेल? "बिस्किटं." उघडून दाखवा, बंद करा. आता बाहेरून आजी येईल, तिला काय वाटेल? तीन वर्षांचं मूल सांगतं, "दोरे." उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं? तरीही "दोरे"! दुसऱ्याचंच काय, स्वतःचं मघाचं मनही त्याला वेगळं धरता येत नाही. चार-पाचच्या दरम्यान तेच मूल तोंडावर हात ठेवून हसतं आणि म्हणतं, "आजी फसणार." १९८३ मध्ये विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी, मुलगा बाहेर गेलेला असताना त्याचं चॉकलेट एका कपाटातून दुसऱ्यात हलवल्याची गोष्ट मुलांना सांगून हेच तपासलं होतं.

बोलण्यातही दिसतं. बागेत न आलेल्या आजीला लहान मूल खुशाल सांगतं, "आपण काल बागेत गेलो." तिथे 'आम्ही' म्हणायला आजी आपल्याबरोबर नव्हती हे ध्यानात ठेवावं लागतं.

जाऊबाई आजही म्हणतात, "आम्ही धाक लावला म्हणून सुधारली." धाकाने मूल सुधारत नाही, लपवायला शिकतं. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या संशोधकांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधली तीन-चार वर्षांची मुलं तपासली, तो अभ्यास २०११ साली छापून आला. मारझोड चालणाऱ्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली, आणि ते जास्त सफाईने निभावलं.

तेव्हा "कोणी फोडला?" हे विचारूच नका. उत्तर तुम्हाला माहीत आहे, मग तो प्रश्न म्हणजे सापळाच. "ग्लास फुटला, तू लांब उभा राहा, मी काचा उचलते, मग तू फडकं आण" एवढंच म्हणा. आणि चारचौघांत त्याला नाव ठेवू देऊ नका, कोणीही वडीलधारं असलं तरी.

सात-आठ वर्षांचं मूल ठरवून खोटं बोलत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बसून बोलावं लागतं. शिवाय सगळी मुलं एकाच वयाला इथे पोचत नाहीत. ऐकू न येणाऱ्या मुलाशी घरात कोणी खुणांच्या भाषेत बोलत नसेल तर ही समज बरीच उशिरा येते, स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांनाही वेळ लागतो. डब्याच्या खेळात चुकला म्हणून घाबरू नका. पण हाक मारल्यावर बघत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

जाऊबाईंचा नातू आता साडेतीन वर्षांचा आहे. यंदा गौरींना सगळे कराडलाच जमणार आहोत. तो काहीही बोलला तरी त्याला दंडाला धरून कोणी उभं करणार नाही. पोळ्या दुसरं कोणीतरी लाटेल, मी त्याच्याजवळ बसणार आहे.