‘आम्हाला चालेल’ म्हणण्यापूर्वी

मित्र-दांपत्याबरोबर परदेशातल्या लांबच्या प्रवासाचा बेत ठरतो, काही महिने उत्साहात जातात, आणि आगाऊ रक्कम भरण्याची वेळ जवळ आली की दोघांपैकी एकाच्या पोटात गोळा येतो. मग ती व्यक्ती समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून विचारते, ‘मैत्री न तुटता यातून मागे कसे फिरायचे?’ हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा आला आहे की त्यांपैकी एक प्रकरण सविस्तर लिहावे असे वाटले. संबंधितांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावांची गरज नाही. पत्नी, पती, मित्र आणि मित्रपत्नी एवढ्यावर काम भागेल.

पत्नी पहिल्यांदा एकटीच आली. पर्समधून तिने घडी घातलेले तीन कागद काढून टेबलावर पसरले. मित्राने मोठ्या मेहनतीने तयार केलेला तो इंडोनेशियाच्या प्रवासाचा तक्ता होता: ४२ दिवस, ४२ ओळी. आधी बाली, तेथून लोंबोक, मग फ्लोरेस आणि कोमोडो, आणि शेवटी पुन्हा बाली. तारीख, मुक्काम, वाहन आणि ‘आज काय’ असे चार रकाने होते. मुक्कामाच्या रकान्यात जवळजवळ सर्वत्र ‘दोन खोल्यांचे घर’ असे लिहिले होते आणि शेवटच्या रकान्यातील प्रत्येक बेत चौघांचा होता. ‘केवळ आम्ही दोघेच जेवायला बसू असा एक तरी दिवस यात आहे का, ते मी शोधले,’ ती म्हणाली. ‘सापडला नाही.’

तिला अर्धशिशीचा जुना त्रास होता. उष्णता आणि अपुरी झोप या दोन्ही गोष्टींनी तो बळावत असे. हे पतीला ठाऊक होते, मित्रांना मात्र कधीच सांगितलेले नव्हते. बैठकीतून लवकर उठायचे झाले की दोघे दरवेळी एखादे निराळेच कारण पुढे करीत. दोन वर्षे या प्रवासाच्या गप्पा चालल्या होत्या आणि विषय निघाला की ती ‘आम्हाला चालेल’ असे म्हणत आली होती. आता रक्कम भरायला तीन आठवडे उरले होते.

येथे माझी एक चूक नोंदवते, कारण त्या चुकीनेच पुढचा मार्ग दाखवला. मला हा नकार देता न येण्याचा प्रश्न वाटला. सौम्यपणे पण स्पष्टपणे ‘नाही’ कसे म्हणावे, याचा आम्ही तासभर सराव केला. त्याच संध्याकाळी तिने पतीला सांगितले, ‘मला सहा आठवडे जमणार नाहीत.’ पतीने तासाभरात मित्राला निरोप धाडला, ‘तिला जमणार नाही म्हणते आहे, मी बघतो.’ मित्राने तिला थेट फोन करून अर्धा तास समजावले. मित्रपत्नीला वाटले की ही आपल्याला टाळते आहे. नकार देऊन झाला होता, मात्र तो एकट्या पत्नीच्या नावावर पडला आणि ती चौघांमधली एकटी अडचण ठरली.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी कुटुंबांचा अभ्यास करताना त्रिकोणाची कल्पना मांडली. दोन माणसांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला त्यात ओढले जाते आणि पहिल्या दोघांना तेवढ्यापुरते हलके वाटते. पतीला मित्रासमोर अवघडायचे नव्हते. ‘ती म्हणते’ या दोन शब्दांनी त्याची मैत्री सुरक्षित राहिली आणि त्याची किंमत पत्नीने मोजली. त्याने हे कपटाने केले असे मला कधीच वाटले नाही. बहुतेक जण असेच करतात, आणि बायकाही नवऱ्यांच्या नावावर सर्रास असेच नकार खपवतात.

दुसऱ्या बैठकीला दोघे आले. पती घुश्श्यातच होता. मी कोऱ्या कागदावर चार ठिपके काढले, ते एकमेकांना जोडले आणि त्याला रेषा मोजायला सांगितल्या. सहा भरल्या. चार माणसांत सहा जोड्या असतात. प्रवासाचा बेत मात्र आपण दोनच जोड्या धरून करतो. मग विचारले, ‘यांतल्या कोणत्या जोडीने आजवर एक अख्खा दिवस, इतर दोघे नसताना, एकत्र घालवला आहे?’ पती आणि मित्र यांनी अनेकदा घालवला होता, आणि दोन्ही दांपत्यांनी अर्थातच. उरलेल्या तीन रेषांवर, म्हणजे पत्नी आणि मित्र, पती आणि मित्रपत्नी, आणि दोघी मैत्रिणी यांच्यात, एकही दिवस सापडेना. ‘मैत्रिणी’ हा शब्दही आपण सवयीने वापरतो, असे पत्नी हळूच म्हणाली. ज्यांनी एकमेकींबरोबर एक दुपारही काढलेली नाही, त्यांनी सहा आठवडे एका ओसरीवर काढायचे होते.

ओसरीचा उल्लेख मी मुद्दाम करते. ही बेटे विषुववृत्तापासून साधारण आठ अंश दक्षिणेला आहेत. तेथे वर्षभर दिवस आणि रात्र जवळपास सारखेच असतात, सूर्य सहा-साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि संधिप्रकाश फार काळ रेंगाळत नाही. तक्त्यात दिवसाचे सगळे बेत होते. पण रोज अंधार पडल्यापासून झोपेपर्यंतचे चार तास, दमट उकाड्यात, त्याच चार माणसांनी, त्याच पंख्याखाली कसे घालवायचे हे कोणत्याच रकान्यात नव्हते. शरीराला अशा उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि तोवर माणूस एरवीपेक्षा लवकर थकतो व लवकर चिडतो. भांडणे बहुधा दुपारच्या सहलीत होत नाहीत, ती या संध्याकाळी होतात.

मग मी दोन अवघड प्रश्न विचारले. चौघांपैकी एकाला डेंग्यू झाला तर काय? तेथे ही शक्यता काल्पनिक नाही. त्याचा डास दिवसा चावतो, त्यामुळे केवळ रात्रीच्या मच्छरदाणीने भागत नाही, आणि ताप उतरू लागतो तेव्हाच प्रकृती बिघडण्याचा धोका असतो, म्हणून रुग्णाला त्या काळात एकटे सोडता येत नाही. उरलेले तिघे थांबतील की पुढे जातील? पती म्हणाला, ‘त्याचा जोडीदार थांबेल, दुसरे दोघे पुढे जातील.’ पत्नी म्हणाली, ‘सगळे थांबतील, नाहीतर बरोबर कशाला जायचे?’ लग्नाला चौदा वर्षे झालेल्या दोघांची उत्तरे इतकी वेगळी आहेत हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळले.

दुसरा प्रश्न मित्राच्या स्कूबा डायव्हिंगच्या, म्हणजे श्वसनाचे साधन लावून समुद्रात बुड्या मारण्याच्या, छंदाचा होता. कोमोडोजवळ त्याला सलग दोन दिवस समुद्रात खोल उतरायचे होते. अशा अनेक बुड्यांनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास थांबावे, असा सुरक्षेचा सर्वमान्य दंडक आहे. म्हणजे छंद एकाचा, पण विमान चौघांचे पुढे ढकलले जाणार. त्याला माझी हरकत नाही. मात्र असा दिवस कोणासाठी थांबतो आहे आणि त्या दिवशी इतरांनी काय करायचे, हे आधी बोललेले असावे. फ्लोरेससाठी मलेरियाप्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात की नाही यावरही गटात चेष्टा होऊन ‘कशाला’ असे ठरले होते. त्या गोळ्या निघण्यापूर्वीच सुरू कराव्या लागतात आणि परतल्यावर, औषध कोणते त्यानुसार, सात दिवस किंवा चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात. हा विषय चौघांच्या मतदानाचा नाही, ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचा आहे, एवढे बोलून मी पुढे गेले.

घरी करण्यासाठी मी एकच काम दिले. तक्त्याच्या दोन प्रती काढायच्या आणि एकमेकांना न विचारता पेन्सिलने खुणा करायच्या: मनापासून हवा त्या दिवसाला बरोबरची खूण, नको त्याला गोल, आणि काहीही चालेल तो दिवस कोरा. पुढच्या आठवड्यात दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. पत्नीने १९ दिवसांना गोल केला होता, ते अपेक्षितच होते. पतीच्या प्रतीवर ११ गोल होते आणि त्यांतले नऊ शेवटच्या दोन आठवड्यांत होते. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग पत्नीने विचारले, ‘तुला नको होते?’ तो म्हणाला, ‘त्याने इतके खपून केले आहे. आणि मला वाटायचे, तुला चालते आहे.’

जेरी हार्वी या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७४ मध्ये एक लेख लिहिला होता. टेक्सासमधल्या कोलमन गावी, जुलैच्या रणरणत्या दुपारी, ते, त्यांची पत्नी आणि सासू-सासरे असे चौघे घरी निवांत बसलेले असताना सासऱ्यांनी ॲबिलीनला जेवायला जाण्याची टूम काढली. एकेक करून सर्वांनी होकार दिला. वातानुकूलन नसलेल्या मोटारीतून ५३ मैल जायचे आणि तेवढेच परत यायचे. घरी परतल्यावर उलगडा झाला की चौघांपैकी कोणालाच जायचे नव्हते. सूचना करणाऱ्या सासऱ्यांनाही इतर कंटाळले असतील असे वाटले होते, इतकेच. मतभेद हाताळता येत नाहीत म्हणून नव्हे, तर आतून असलेले एकमत कोणी उच्चारत नाही म्हणून गट भलतीकडे जातो, असे हार्वी यांचे म्हणणे होते. ही गोष्ट सांगितल्यावर पती पहिल्यांदा हसला.

तरीही मी त्यांना सावध केले, की मित्रालाही आतून प्रवास नकोच असेल असे गृहीत धरू नका. दोन प्रौढ जोडपी आहेत म्हणून गुपितेही सारखीच असतील असे नाही. आपल्याला सुटका हवी असते तेव्हा दुसऱ्यालाही ती हवी असावी, असे मानणे फार सोयीचे असते.

चौथ्या बैठकीत त्यांनी काय बोलायचे ते ठरवले. निरोप लिहून पाठवायचा नाही, चौघांनी समोरासमोर बसायचे. विषय पतीने काढायचा, कारण मूळ मैत्री त्याची. ‘ती म्हणते’ किंवा ‘तो म्हणतो’ हे शब्द दोघांनाही बंद. जे दोघांचे ठरले आहे तेच ‘आम्ही’ म्हणून सांगायचे. अर्धशिशीचे सांगायचे की नाही, हा निर्णय फक्त पत्नीचा होता आणि तिने सांगायचे ठरवले. पैशांबाबत मी एवढेच सुचवले की रक्कम भरण्याआधी बोला, आणि मित्राने आधीच काही भरले असेल तर आपला वाटा न मागता द्या.

ती भेट गोड झाली नाही. मित्र ऐकत राहिला आणि मग त्याने विचारले, ‘दोन वर्षे का नाही बोललात?’ प्रश्न रास्त होता. पतीने ठरल्याप्रमाणे उत्तर दिले, ‘ती चूक आमची.’ पुढे सारवासारव केली नाही, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. मित्राला सगळे ४२ दिवस खरोखरच हवे होते. त्याच्या बाबतीत ॲबिलीनची गोष्ट लागू पडली नाही. मित्रपत्नीने मात्र तक्ता स्वतःकडे ओढून घेतला आणि एका ओळीवर बोट ठेवले. आगमनानंतर मिळणारा त्यांचा व्हिसा ३० दिवसांचा होता आणि पुढे राहायचे तर मुदत वाढवून घेणे भाग होते; त्या कामाची ती ओळ होती. ‘तुम्ही याच्या आधी परत जा,’ ती म्हणाली, ‘तुमचे ते काम तरी वाचेल.’

शेवटी पती-पत्नी २४ दिवस गेले. पहिले चार दिवस त्यांनी बालीत दोघांनीच, उकाड्याची सवय होईपर्यंत, काहीही न ठरवता काढले आणि मग मित्रांना जाऊन मिळाले. एकत्र राहण्याच्या ठिकाणी दोन खोल्यांच्या घराऐवजी दोन स्वतंत्र खोल्या घेतल्या. मित्राच्या बुड्यांनंतरचा दिवस तक्त्यात कोरा ठेवला गेला. पुढचे १८ दिवस मित्र-दांपत्य एकटेच फिरले.

परतल्यानंतर पत्नी एकदा भेटून गेली. मित्र अजून थोडा दुरावल्यासारखा वागतो, असे तिने सांगितले. त्या शेवटच्या १८ दिवसांची छायाचित्रे त्याने अजून त्यांना दाखवलेली नाहीत. पती दर आठवड्याला त्याला फोन करतो, बोलणे होते, पण लवकर संपते. आणि त्या कोऱ्या दिवशी तिचे डोके दुखले होते. खिडक्यांचे पडदे ओढून ती पडून राहिली होती. दुपारी दारावर टकटक झाली, मित्रपत्नीने अर्धवट दार उघडून दबक्या आवाजात ‘पाणी ठेवू का?’ एवढेच विचारले, तांब्या आत सरकवला आणि दार पुन्हा लावून घेतले.