विंडोज नव्याने टाकले आणि उबुंटू दिसेनासे झाले

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० आणि उबुंटू अशा दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम होत्या आणि सुरू करताना कोणती हवी, ते निवडण्याचा मेनू येत असे. दुकानातून विंडोज ११ टाकून घेतल्यापासून मेनू न येता थेट विंडोज उघडते. दुकानदारांच्या मते उबुंटू पुन्हा टाकावे लागेल. पण माझ्या प्रबंधाची टिपणे त्यातच आहेत. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : उबुंटू पुन्हा टाकण्याची घाई कृपया करू नका. मेनू दाखवणारा ग्रब हा प्रोग्रॅम आणि आपली टिपणे डिस्कच्या वेगवेगळ्या भागांत असतात, त्यामुळे मेनू गेला म्हणजे टिपणे गेली असे होत नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ड्राइव्हचे अक्षर नसलेले, उबुंटूला दिले होते तेवढ्याच आकाराचे पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) दिसत असेल, तर ते बहुधा शाबूत आहे. ते फॉरमॅट करण्याची सूचना आली, तर ती मुळीच स्वीकारू नका.

विंडोज ११ अधिकृतपणे यूईएफआय या संगणक सुरू करण्याच्या नव्या पद्धतीनेच चालते. या पद्धतीत कोणती सिस्टिम आधी सुरू करायची, तो क्रम मदरबोर्डवरील स्मृतीत नोंदलेला असतो आणि विंडोज टाकताना त्याचे नाव सर्वांत वर जाते. म्हणून आधी फर्मवेअरच्या, म्हणजे मदरबोर्डवरील मूळ प्रोग्रॅमच्या, सेटिंगमध्ये जाऊन बूट ऑर्डर (हा क्रम) पाहा. तेथे उबुंटूचे नाव असल्यास ते विंडोज बूट मॅनेजरच्या वर आणा. पुष्कळदा एवढ्यानेच मेनू परत येतो. मात्र या सेटिंगला हात लावण्यापूर्वी बिटलॉकरची (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा, कारण असा बदल झाल्यावर विंडोज ती मागू शकते.

नावच नसेल, तर उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून उबुंटू न टाकताच चालवता येते) यूईएफआय पद्धतीनेच सुरू करून ‘ट्राय उबुंटू’ निवडा आणि दुसरे काहीही करण्याआधी टिपणे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. हे प्रथम करावे असा माझा आग्रह आहे, कारण पुढच्या कामात चुकीचे पार्टिशन निवडले जाण्याचा धोका असतो. त्यानंतर उबुंटूचे मूळ पार्टिशन माउंट करावे, म्हणजे वापरासाठी जोडावे, त्यातील बूट फोल्डरच्या ईएफआय या उपफोल्डरावर ईएफआय पार्टिशन (सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइली असलेला डिस्कचा छोटा भाग) जोडावे, लाइव्ह उबुंटूचे डेव्ह, प्रॉक आणि सिस हे फोल्डर त्यात बाइंड करावेत (जोडावेत), सीएचरूट या आज्ञेने त्या सिस्टिममध्ये शिरावे आणि ग्रब-इन्स्टॉल व अपडेट-ग्रब या आज्ञा द्याव्यात. आज्ञा अर्थातच लहान रोमन अक्षरांत टाइप करायच्या आहेत.

दुकानात ईएफआय पार्टिशन पुसून नवे केले असेल, तर त्याचा यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनची ओळख सांगणारा क्रमांक, बदललेला असतो. सुरू होताना कोणती पार्टिशन जोडायची याची यादी असलेल्या, ईटीसी फोल्डरमधील एफएसटॅब या फाइलमध्ये जुनाच क्रमांक राहिला, तर ग्रब नीट बसूनही उबुंटू सुरू होताना आणीबाणीच्या पडद्यावर अडकते. म्हणून सीएचरूटमध्ये असतानाच नवा क्रमांक तेथे लिहा.

मेनू आला, पण त्यात विंडोज नाही, असेही घडते. ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. ईटीसीमधील डिफॉल्ट फोल्डरात असलेल्या ग्रब फाइलमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ घाला, त्यात बरोबरच्या चिन्हापूर्वीचा भाग मोठ्या (कॅपिटल) रोमन अक्षरांत ठेवा आणि अपडेट-ग्रब पुन्हा चालवा.