सतराचा पाढा म्हणत धाव

प्रिय मुली,

परवा जिन्यात भेटलीस तेव्हा घाईत होतीस, म्हणून उत्तर अर्धवट राहिलं. "काकू, मार्गशीर्षात लग्न आहे, चार महिन्यांत बारा किलो उतरवायचंय. रोज धावले तर होईल ना?" मी नुसतं "बघू" म्हणाले आणि तुझा चेहरा पडला. पोस्टात तीस वर्षं काउंटरवर काढलेल्या बाईला हिशेब केल्याशिवाय झोप येत नाही. रात्री कालनिर्णयच्या मागच्या पानावर मांडून बघितला.

एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. धावताना आपल्या वजनाच्या दर किलोमागे एका किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते. तू ७६ किलो सांगितलंस, म्हणजे किलोमीटरला ७६. आता बारा किलोंच्या ९२,४०० ला ७६ ने भाग. बाराशे पंधरा किलोमीटर होतात! चार महिन्यांत रोज दहा, एकही खाडा न करता आणि वर एक घासही जास्त न खाता. आज बस पकडायला शंभर पावलं पळालीस तर पोवई नाक्यापर्यंत धाप जात नाही तुझी. हे तुला हिणवायला नाही लिहीत. उद्या पहाटे उठून जिवाच्या आकांताने धावशील आणि पंधराव्या दिवशी बूट माळ्यावर टाकशील, ते होऊ नये म्हणून लिहितेय.

कारण मी तेच केलं होतं. वय ४६, वजन ७१. मैदानावर पोलीस भरतीच्या मुली यायच्या. त्यांची ८०० मीटरची परीक्षा असते, त्यामुळे त्या वाऱ्यासारख्या सुटायच्या. मीही त्यांच्या मागे. पहिल्या आठवड्यात फार अभिमान वाटला. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही नडग्यांच्या आतल्या बाजूला असं दुखायला लागलं की जिना उतरताना कठड्याला धरावं लागे. सहा आठवडे घरी. त्या सहा आठवड्यांत दुःख विसरायला जे खाल्लं त्याने काटा ७३ वर गेला.

म्हणून पहिली गोष्ट, हळू धाव. लाज वाटेल इतकं हळू. किती हळू ते मोजायला घड्याळ नको, सतराचा पाढा म्हण. मोठ्याने. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. एका दमात एकेक ओळ निघाली तर वेग बरोबर. "सतरा चोक" म्हणून श्वासाला थांबावं लागलं तर तू पळतेयस, चाल. मी अजूनही म्हणते. मैदानावरच्या पोरांना वाटतं बाई नातवाच्या परीक्षेची तयारी करतेय. आपल्याच सातारा जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. त्या दर्जाचे लांब पल्ल्याचे धावपटूसुद्धा आठवड्यातलं बहुतेक अंतर सावकाशच कापतात. मग आपण कोण?

आठवड्यात तीन दिवस पुरे, एकाआड एक. सुरुवातीला दहा मिनिटं चालायचं, मग एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं आठ वेळा. सोपं वाटलं तरी त्या आठवड्यात वाढवायचं नाही. दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो. हाडं आणि स्नायूंना हाडांशी बांधणारे दोर त्यापेक्षा फार सावकाश तयार होतात आणि फसगत तिथेच होते. छाती म्हणते "पळ", नडगी म्हणते "थांब". नडगीचं ऐकायचं. मधल्या दिवशी नुसतं चाल, किंवा खुर्चीवरून हात न लावता पंधरा वेळा ऊठबस कर.

आता जे आपल्यात कुणी बोलत नाही ते. धावायला सुरुवात करण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे. मला धाप लागायची ती वजनामुळे असंच मी धरून चालले होते. नडग्या बऱ्या झाल्यावर पुन्हा सुरू केलं, तर एक राउंड मारला की डोळ्यांपुढे काजवे. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. बाईचं बाराच्या खाली नसावं. पाळीत वर्षानुवर्षं जास्त जात होतं आणि मी ते "असतंच" म्हणून सोडून दिलेलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, की गोळी चहा किंवा दुधाबरोबर नाही घ्यायची, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. तीन महिन्यांनी तोच राउंड, त्याच पायांनी, इतका हलका गेला की मला रडू आलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी निघालं होतं. म्हणजे आपल्या बिल्डिंगच्या जिन्यात धापा टाकणाऱ्या किती जणी स्वतःला उगाच आळशी म्हणवून घेत असतील बघ. आणि छातीत दुखलं, चक्कर आली तर पाढा-बिढा सोडून थांबायचं आणि डॉक्टरकडे जायचं.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठाभर जागा राहिली पाहिजे. महागातले नकोत, पण कॉलेजातले घासलेलेही नकोत. त्याहून महत्त्वाची गोष्ट, खेळासाठीची घट्ट ब्रा घे, बुटांआधी घे. मी पहिलं वर्ष ओढणी करकचून बांधून धावले, हे आता सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

खाण्याचं थोडक्यात. उपाशी राहू नकोस. भाकरी, डाळ, उसळ, अंडं, शेंगदाणे पोटभर खा. फक्त तुझा ऑफिसचा चहा मला ठाऊक आहे, दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. दहा चमचे म्हणजे २०० कॅलरी, म्हणजे तुझ्या हिशेबाने अडीच किलोमीटरहून जास्त. ते बुटाची नाडी न बांधता वाचतात. धावून आलीस की भूक खवळेल आणि "आज कमावलंय" म्हणून वडापाव समोर दिसेल. एका वडापावमध्ये सकाळची सगळी धाव जाते. खायचा तर खा, पण बक्षीस म्हणून नको, वडापाव म्हणून खा.

काटा महिन्यातून एकदाच बघ. सुरुवातीला दोन-तीन आठवडे तो वर गेला तरी घाबरू नकोस, नव्या व्यायामाने स्नायू पाणी धरून ठेवतात. टेपने बेंबीच्या पातळीवर कंबर मोज. आपल्याकडच्या बायकांना ८० सेंटीमीटरच्या आत असावी असं सांगतात. माझं खरं माप टेपने नाही कळलं. पाच महिन्यांनी दिवाळीचा ब्लाउज टाकायला गेले तेव्हा शिंपी म्हणाला, "काकू, जुन्या मापाने बेतला तर ढगळ होईल." काट्यावर तेव्हा फक्त दोन किलो कमी होते! दीड वर्षाने ६६ वर आले आणि तिथेच थांबले. पुढे उतरलं नाही, मीही हट्ट धरला नाही. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की झोप लागते आणि चौथा मजला चढून कुलूप उघडताना चावी हलत नाही.

आणि यवतेश्वरच्या घाटातल्या हाफ मॅरेथॉनचा फॉर्म मैत्रिणींबरोबर भरू नकोस, यंदा तरी नाही. ती २१ किलोमीटर आहे आणि अर्धी चढ. मी पन्नासाव्या वर्षी केली, चढ जवळजवळ सगळा चालत. पुढच्या वर्षी बोलू.

लग्नाला चार महिन्यांत तीनेक किलो उतरतील, चारही उतरतील. तुला बघायला आले तेव्हा त्या आत्याबाई जे बोलल्या ते तुझ्या आईने मला सांगितलंय. त्यांच्यासाठी बारा किलो उतरवायची काही गरज नाही, त्यांना लग्नात जेवायला दुसऱ्या पंगतीला बसव.

रक्ताचा रिपोर्ट आला की मला दाखव, मग येत्या रविवारी साडेपाचला मैदानाच्या फाटकाशी ये. अंधार असतो, एकटी येऊ नकोस, मी खालून हाक मारते. खिशात ग्लुकोज बिस्किटं ठेव. फाटकापाशी मोत्या असतो, नव्या माणसाच्या मागे तो पहिला राउंड धावतोच, आणि तुझ्यापेक्षा जोरात.

तुझी,
तळमजल्यावरची काकू