ग्लोरांथातला केऑस आणि ग्लोरांथातला दुष्टपणा

प्रश्न थोडक्यात असा: ग्लोरांथा या भूमिका-खेळांच्या काल्पनिक जगात केऑस (जग पुसून टाकणारी शक्ती) म्हणजेच दुष्टपणा असेल, तर केऑस उघडउघड वापरणाऱ्या ल्यूनर साम्राज्याला सरळ खलनायक का म्हणत नाहीत?

आधी डी अँड डीचं (डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाचं) अलाइनमेंट, म्हणजे पात्राच्या नैतिक वृत्तीचं लेबल, डोक्यातून काढून टाका. तिथे 'केऑटिक गुड' असा दिलदार बंडखोर बनवता येतो. ग्रेग स्टॅफर्ड १९६६ पासून जे जग रचत गेला (रुनक्वेस्ट हा भूमिका-खेळ त्यावरच आला, १९७८ साली), त्यात बेशिस्तीसाठी डिसऑर्डरचा वेगळा रून (मूलभूत शक्तीचं चिन्ह) आहे आणि केऑसचा वेगळा. यूरमाल हा खोडसाळ देव डिसऑर्डरचा. सगळ्यांना वात आणतो, पण घरचाच. केऑस बाहेरचा. जग त्याच्यातूनच निपजलं, पण एकदा घडलेल्या जगात तो शिरला की असलेलं नसल्यासारखं होतं.

आता केऑसचे दोन देव, काजाबोर आणि वॅकबॉथ, शेजारी ठेवून बघा. काजाबोर म्हणजे निव्वळ विनाश. त्याचं कुणाशी वैर नाही. वॅकबॉथ हा डेव्हिल, नैतिक अर्थाने दुष्ट. त्याला जन्माला घातलं राग्नाग्लार, थेड आणि मलिया या तिघांनी, आणि तिघंही आधी जगाच्या आतलेच होते. राग्नाग्लार तर वादळदेव ऑरलान्थचा भाऊ! कुणीतरी घरातल्याने कडी काढली तेव्हा दुष्टपणा सुरू झाला, असं मी याचं वाचन करतो.

दोघांचे शेवटही वेगळे. वॅकबॉथला केऑसचा कट्टर वैरी देव स्टॉर्म बुल भिडला आणि वरून ब्लॉक नावाचा प्रचंड दगड कोसळला. प्रॅक्स या प्रदेशात तो अजून आहे, भोवती डेव्हिल्स मार्शची दलदल. काजाबोरला मात्र पाताळात अराक्नी सोलारा या देवीने जाळ्यात धरून गिळलं आणि त्यातून काळ जन्मला. दिवस सरतात, माणसं म्हातारी होतात, तो या गिळलेल्या काजाबोरचाच अंश. जगाला वाचवणाऱ्या तडजोडीतच केऑस शिवलेला आहे.

एवढा घोळ झाला कुणामुळे, याचं उत्तर गावागणिक बदलतं. दारा हाप्पाचे लोक सांगतील, ऑरलान्थने आमच्या सूर्यदेवाला, सम्राट येल्मला मारलं तिथेच सगळं बिघडलं. ट्रोल म्हणतील, तोच मेलेला सूर्य आमच्या पाताळातल्या घरात, वंडरहोममध्ये येऊन पडला आणि आम्ही बेघर झालो. मोस्ताली बुटक्यांच्या लेखी जग हे यंत्र, आणि आपोआप वाढणारी प्रत्येक गोष्ट त्यातला बिघाड. मजा म्हणजे ऑरलान्थचे भक्तही येल्मची हत्या नाकारत नाहीत. त्यांची सगळ्यात थोर कथा आहे ती ऑरलान्थ पाताळात उतरून येल्मशी समेट करतो ही. वृत्राला मारल्यावर ब्रह्महत्येच्या धाकाने कमळाच्या देठात लपलेला इंद्र आठवतो, फरक इतकाच की ऑरलान्थ लपत नाही.

म्हणून ल्यूनर लोकांचा दावा ऐकण्यासारखा आहे. काळातच काजाबोर असेल तर केऑसला जगाबाहेरचा का म्हणायचं? त्यांच्या चंद्रदेवीने, रेड गॉडेसने, त्याला आपलं म्हटलं, इतकंच. तर्क मला पटतो. पण त्याच साम्राज्याचं क्रिमसन बॅट नावाचं अजस्र वटवाघूळ माणसं आत्म्यासकट खातं आणि त्याला खुराक पुरवावा लागतो. केऑस वापरला हा त्यांचा गुन्हा की माणसं खायला घातली हा, यावर स्टॉर्म बुलचा भक्त आणि मी एकमत होणार नाही. त्याच्यासाठी पहिलंच पुरेसं आहे.

तुमच्या कॅम्पेनमध्ये ल्यूनर पुरोहित आणि स्टॉर्म बुलवाला एकाच गटात असतील, तर गेममास्टर (खेळ चालवणारा) म्हणून निकाल देऊ नका. स्टॉर्म बुलवाल्याला केऑसचा वास येतो, तेवढा फासा टाकायला द्या. वास आला म्हणजे समोरचा दुष्ट ठरला का, ते त्या दोघांना शेकोटीपाशी भांडून ठरवू दे.