काखा लाल झाल्यात? आधी सोडा बंद करा

खोबरेल, खाण्याचा सोडा आणि आरारूट फेटून केलेलं डिओ लावलं, तर काखा लाल झाल्या, वर मे महिन्यात डबीत नुसतं तेल झालं. प्रमाण कुठे चुकलं, असं तुम्ही विचारलंय. प्रमाण नाही चुकलं हो, ती कृतीच आपल्या हवेची नाही.

खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं. आपल्याकडे थंडीचे चार दिवस सोडले तर ते पातळच. पीठ मग तळाशी बसणारच. सोड्याचं दुखणं वेगळं. कातडी किंचित आम्ल, पीएच (आम्ल-अल्क मोजायचं माप, ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) ५ च्या आसपास. सोड्याचं पाणी ८ च्या वर, म्हणजे अल्क. रोज चोळलं की कातडी चुरचुरते, आणि वॅक्सिंग करून लावलं तर आगच. ‘शरीरातलं विष बाहेर पडतंय, पुरळ येणारच’ असं व्हिडिओत सांगतात, ते सोडून द्या. लाली पूर्ण जाईपर्यंत काहीही लावू नका, चिघळलं तर डॉक्टरांना दाखवा. काळेपणावर लिंबू तर मुळीच नको. रस लागलेल्या जागी ऊन पडलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात.

ताज्या घामाला फारसा वास नसतोच. काखेतले जिवाणू तो घाम फोडतात, तेव्हा वास सुटतो. त्यामुळे बंदोबस्त जिवाणूंचा करायचा, आणि त्याला न्हाव्याकडची तुरटी पुरते. किराणा दुकानातून खडा आणा, खलबत्त्यात बारीक कुटा. (तव्यावर फुलवलेली लाही नको, ती पाण्यात लवकर विरत नाही.) १०० मिली कोमट पाण्यात एक सपाट चमचा पूड विरघळवा, फडक्यातून गाळा, फवाऱ्याच्या बाटलीत भरा. गुलाबपाणी हौसेपुरतं. अंघोळीनंतर काख नीट पुसून फवारा आणि वाळू द्या. बाही लगेच चढवू नका. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा. पाणी गढूळ दिसलं की फेकून नवं करा, पैशाचं काम आहे.

घाम यानं थांबणार नाही, दादर स्टेशनच्या जिन्यावर ब्लाउज भिजायचा तो भिजणारच. आणि ॲल्युमिनियम टाळायचं म्हणून हे सगळं करत असाल तर आधीच सांगते, तुरटी हाही ॲल्युमिनियमचाच क्षार आहे. मला त्याचं काही वाटत नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

डबीतलंच हवं असेल तर तीन चमचे खोबरेल, एक चमचा मधमाशीचं मेण, दोन चमचे आरारूट. मेण ६० अंशांच्या वर वितळतं, म्हणून उन्हाळ्यातही धरून राहतं. उकळत्या पाण्यात वाटी ठेवून तेल-मेण वितळवा, खाली उतरवून आरारूट घाला आणि घट्ट होईपर्यंत ढवळत राहा. सोडा नाही. रेशमी ब्लाउजवर मात्र तेलाचे डाग पडतात, त्या दिवशी तुरटीच बरी.

एवढं करूनही वास राहिला तर ब्लाउजचं अस्तर हुंगून बघा. पॉलिएस्टरमध्ये वास सुतीपेक्षा जास्त धरतो. धुण्याआधी अर्धा तास पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून भिजवा. त्यात ब्लीच चुकूनही घालू नका, विषारी वायू निघतो.