‘तुला काय कमी आहे?’ हे विचारणं आजपासून बंद

कॅनडातल्या मिसिसागाहून एका ताईंचं पत्र आलंय. माहेर इंदूरचं, रामबागेतलं, म्हणजे माझ्या आत्ताच्या घरापासून दोन गल्ल्या. मुलगी 19 वर्षांची, विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला. गेल्या महिन्यात मानसोपचारतज्ज्ञांनी ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’, म्हणजे भावना आवरणं फार कठीण जाणारा मानसिक आजार, असं निदान सांगितलं. पत्रात पाच-सहा प्रश्न आहेत, पण मी एकाच जागी अडकले. ताई लिहितात, “आम्ही तिला काहीच कमी केलं नाही हो. स्वतंत्र खोली, गाडी, कथ्थकचा क्लास. मी रोज विचारते, बाई गं, तुला काय कमी आहे? तर ती दार आपटून निघून जाते.”

ताई, तुमची झोप उडाली असणार, जेवणात लक्ष लागत नसणार, मला माहीत आहे. तरी रागावून सांगते, हा प्रश्न पुन्हा तोंडातून काढू नका.

तो कुठून येतो ते आपल्याला ठाऊक आहे. घर सोडलं. आईवडिलांचं म्हातारपण फोनवर पाहिलं. पहिली दोन वर्षं कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये काढली, पदवी गुंडाळून ठेवून मिळेल ते काम केलं. या सगळ्याची वसुली आपण मुलांच्या हसऱ्या चेहऱ्यातून करू बघतो. मूल रडलं की वाटतं, आपलं इथे येणंच वाया गेलं. आपण इंदूरवाले तर जुनेच घर सोडलेले. 1818 मध्ये मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली, त्या सुमारास आमचं घराणं वाईहून इथे आलं. ‘एवढं सोडून आलो’ हे आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या ऐकवलं गेलं, आणि मीही ते सामानात बांधून न्यू जर्सीला नेलं. 19 वर्षं तिथे राहिले. मुलीला रोज ऐकवलं.

माझी मुलगी तेव्हा 17 वर्षांची होती. जुलैचा उकाडा, आणि ही पूर्ण बाह्यांचा स्वेटशर्ट घालून स्वयंपाकघरात आली. मी पोहे केले होते, वर शेव, जिरावन, सगळं अगदी इंदुरी. तिने ताटली लांब सरकवली. मी म्हणाले, “तुला काय कमी आहे गं?” तिने शेवेचे तुकडे एकेक वेचून ताटलीच्या कडेला लावले, पूर्ण गोल होईपर्यंत, आणि उठून गेली. त्या बाह्या मला दिसल्या होत्या. मी विचारलं नाही. ती स्वतःला इजा करून घेते हे मला पाच महिन्यांनी शाळेच्या समुपदेशकाकडून कळलं.

बॉर्डरलाइनवरचा उपचार उभा करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन स्वतः 1961 मध्ये, 17 वर्षांच्या असताना, अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल झाल्या होत्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तिथे होत्या. पुढे सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी, ही भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी उपचारपद्धत घडवली. 2011 मध्ये त्याच रुग्णालयात उभं राहून त्यांनी आपली हकिगत सर्वांसमोर सांगितली. त्यांचं म्हणणं असं: काही मुलांच्या भावना लवकर पेटतात, जास्त पेटतात आणि विझायला फार वेळ घेतात. अशा मुलाला आजूबाजूने सतत ‘त्यात काय एवढं’ ऐकू आलं, की दोन्ही मिळून दुखणं वाढतं. यावरून तुम्ही आजार दिलात असं समजून रडत बसू नका. त्यात अनुवंशाचाही मोठा वाटा असतो. पण अनुवंश आपल्या हातात नाही, जीभ आहे.

तुम्हीच लिहिलंय, “परवा मैत्रिणीने मेसेजला उत्तर दिलं नाही, तर रात्रभर रडली. मी म्हटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी?” ताई, तिला ती गोष्ट एवढीशी नव्हती. या आजारात कुणी सोडून जाईल ही भीती हाडात बसलेली असते. तेव्हा म्हणायचं, “उत्तर आलं नाही, तुला वाटलं ती तुटलीच. रात्र फार वाईट गेली असेल.” एवढं बोलून थांबायचं. पुढे ‘पण’ जोडायचा नाही. मला हा ‘पण’ सोडायला वर्ष लागलं. मैत्रीण खरंच सोडून गेली असं तुम्ही कबूल करत नाही आहात. तिला दुखलं, एवढंच मान्य करताय. उपाय सुचवायचे ते दुसऱ्या दिवशी, आणि तिने विचारलं तर.

म्हणून तिने वाटेल ते बोलावं आणि तुम्ही ऐकून घ्यावं, असंही नाही. आमच्याकडे ठरलं होतं: आवाज चढला, शिव्या सुरू झाल्या, की मी सांगायची, “मी वीस मिनिटं खाली जाते, मग परत येते.” आणि घड्याळ लावून परत जायची. एकदा फोनवर बोलत राहिले, चाळीस मिनिटं झाली. तो आठवडा आम्हाला फार जड गेला.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे तिला थेट विचारा. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. कॅनडात आणि अमेरिकेत 988 या मदतीच्या नंबरला केव्हाही फोन किंवा मेसेज करता येतो. नंबर आजच फ्रिजवर लावा. धोका समोर दिसत असेल तर तातडीच्या मदतीसाठी 911.

बाकीचे प्रश्न भराभर घेते. गोळ्या: या आजारावर खास असं औषध नाही, सोबतच्या नैराश्यासाठी वगैरे देतात, मुख्य उपचार थेरपी. डॉक्टर तुम्हाला काही सांगत नाहीत ही तक्रार सोडा, मुलगी सज्ञान आहे. तुम्ही मात्र त्यांना कळवू शकता. तुमच्यासाठी ‘फॅमिली कनेक्शन्स’ नावाचा 12 आठवड्यांचा मोफत वर्ग असतो, ऑनलाइनही, नवऱ्यालाही बसवा.

बरी होईल का? बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयाने 290 रुग्णांचा माग ठेवला. दहा वर्षांत 93 टक्के जणांची लक्षणं किमान दोन वर्षं तरी ओसरलेली राहिली. काम आणि नाती सांभाळून पूर्ण उभं राहणं निम्म्यांना जमलं. लग्नाचं विचारलंय, ते आत्ता राहू द्या.

“सहा महिने इंदूरला आजी-आजोबांकडे पाठवू का?” नको. थेरपी मध्येच तोडायची नाही. सुट्टीत जरूर आणा, आणि इथे असताना गरज पडली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे. आजीला सांगायचं का, हे मुलीला विचारून ठरवा. बाणगंगेचं, म्हणजे इथल्या मनोरुग्णालयाचं, नाव घेऊन एकमेकांना चिडवणारी त्यांची पिढी, आजी घाबरतील थोड्या. माझ्या आईला कळलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पोरीला फोन दे.” आणि नातीला एवढंच विचारलं, “फार दुखतं का गं?” मी तीन वर्षांत हे एकदाही विचारलं नव्हतं.

पुढच्या पत्रात ती काय म्हणाली ते लिहू नका. आठवडाभर तुम्ही काय काय म्हणालात, ते जसंच्या तसं लिहून पाठवा.